बियाणं राखणं ही ‘मदत’ नव्हती

लहानपणच्या शेतीच्या आठवणी सांगताना इथे दोघीतिघींनी ‘आम्ही घरच्या शेतात मदत करायचो’ असं लिहिलंय. आठवणी अगदी आपल्याशा वाटल्या, पण ‘मदत’ हा शब्द मला पटत नाही. आमच्याकडे बियाणं आईच्या ताब्यात असायचं. मळणी होऊन धान्याची रास पडायची वाट ती बघायचीच नाही. पीक उभं असतानाच भरदार, निरोगी कणसं हेरून त्यांना चिंध्या बांधून ठेवायची. त्यांची मळणी वेगळी, वाळवणंही वेगळं. दाणा दाताखाली धरायची: कट्कन फुटला तर वाळला, नुसता दबला तर अजून ऊन हवं. मग चाळलेली राख चोळून मडक्यात भरायचं आणि तोंड मातीने लिंपायचं. राखेचे बारीक कण किड्याच्या अंगावरचा मेणासारखा थर खरवडतात आणि किडा वाळून मरतो, हे मला फार उशिरा कळलं. तिला कारण ठाऊक नव्हतं, प्रमाण मात्र हाताला पाठ होतं.

पेरणीआधी ती दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. रोज फडकं उघडून बघायची, पाणी शिंपडायची. त्यातले आठ-नऊ फुटले की मगच वडील पेरणीची तिफण बाहेर काढायचे.