टोपीवाला डास

असं म्हणतात की कार्टूनमधल्या पात्रांना 'स्वभाव' आला तो १९२८ च्या मिकी माउसपासून. नाही पटलं. अमेरिकन व्यंगचित्रकार विन्सर मॅकेचा १९१२ मधला 'हाउ अ मॉस्किटो ऑपरेट्स' हा कार्टूनपट बघा. जेमतेम सहा मिनिटांचा, मूक, कृष्णधवल.

डोक्यावर उंच हॅट, हातात बॅग, असा हा डास एखाद्या इन्शुरन्स एजंटसारखा झोपलेल्या माणसाकडे येतो. चावण्याआधी सोंडेला धार लावून घेतो! माणूस कूस बदलतो, हात झाडतो, तरी गडी चिवट. पीत जातो, पोट टम्म फुगतं, तरी सुटत नाही, आणि शेवटी फटकन फुटतो. हावरटपणा हाच त्याचा स्वभाव, आणि संवाद नसतानाही तो नेमका कळतो.

तेव्हा सेल, म्हणजे फक्त हलणारं पात्र काढून स्थिर पार्श्वभूमीवर ठेवायचे पारदर्शक पत्रे, वापरात नव्हते. सुमारे ६,००० चित्रं कागदावर काढलेली, म्हणजे प्रत्येक चौकटीत सगळं पुन्हा नव्याने. फुगणाऱ्या पोटाचं वजन मला तरी खरं वाटतं. डास उडताना जड होत जातो ते नीट पाहा. (मच्छरदाणीत बसून पाहू नका, अंग खाजायला लागतं.)

मॅकेची प्रसिद्ध डायनोसॉर गर्टी यानंतरची, १९१४ ची.