'शहाजोग' आणि हुंडीतला शाह

प्रश्न (खामगावजवळून): पणजोबांच्या कापसाच्या कागदांत एक हुंडी, म्हणजे अमक्याला इतके पैसे द्या अशी पेढीवाल्याला लिहिलेली चिठ्ठी, निघाली. जाणकाराकडून वाचून घेतली. त्यात 'शाहजोग रुपये देणे' असं आहे. आपण 'शहाजोगपणाचा आव' म्हणतो, तो शब्द हाच काय?

उत्तर: हाच. 'सांगण्याजोगा', 'करण्याजोगा' यातला 'जोग' इथे आहे. शाह म्हणजे बाजारात पत असलेला पेढीवाला. शाहजोग हुंडीचे पैसे अशाच माणसाला किंवा त्याच्यामार्फत मिळत. हुंडी चोराच्या हाती लागली तरी त्याच्यासाठी कोण शाह उभा राहणार? म्हणून शहाजोग म्हणजे मुळात भरवशाचा, अब्रूदार. ढोंगाची छटा मागाहून चिकटली आणि आता तीच उरली, याचं मला वाईट वाटतं.

वणीकडून: भाऊ, रकमेची ओळ नीट पाहा. १०० रुपये असतील तर आधी आकडा, मग अक्षरी, आणि वर 'निमे पन्नास, त्याचे दुप्पट पुरे'. कोणी एक शून्य वाढवलं तरी निमपट जुळत नाही. हुंडी हरवली तर दुसरी प्रत 'पेठ', तीही गेली तर 'परपेठ'.

यवतमाळहून: या शब्दात कास्तकार कुठेच बसत नाही, हेही बोललं पाहिजे. घरात कापूस भरलेला असो, बाजारात शाह अडत्याच. बँका निघाल्या त्याही शहरात: कलकत्त्यात १८०६ ला बँक ऑफ कलकत्ता (पुढे तीच बँक ऑफ बंगाल), मुंबईत १८४० ला बॅंक ऑफ बॉम्बे. अमेरिकेतल्या यादवीत कापूस भडकला, मुंबईत शेअरचा सट्टा पेटला, त्यावर वाटलेली कर्जं बुडाली आणि १८६८ ला ही मुंबईची बँक गुंडाळावी लागली. खेड्यात पैसा यायचा तो सावकाराच्याच हातून. हुंडी-चेकसारख्या कागदांसाठी केलेल्या १८८१ च्या कायद्यानेही हुंडीचा स्थानिक रिवाज तसाच राहू दिला. कास्तकाराला स्वतःची पत मिळायची वाट उघडली ती १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याने. गावकऱ्यांनी एकमेकांच्या कर्जाची जबाबदारी घ्यायची, हा त्याचा पाया. आपलं 'सोसायटीचं कर्ज' तिथून आलं.

प्रश्नकर्ता: हुंडीच्या पाठीवर रक्कम पावल्याची नोंद दिसते.

वणीकडून: मग तो 'खोका'. पैसे चुकते झालेल्या हुंडीला खोका म्हणतात, आणि तो पैसे देणाऱ्याकडे राहतो. म्हणजे हुंडी बहुधा तुमच्या पणजोबांवरच केलेली, पैसे त्यांनीच द्यायचे अशी, असावी. ती कोणावर केली, ते नाव ताडून पाहा.