मदत हवी आहे : कॉमिक प्रेस केल्यावर स्टेपलभोवती कव्हरला लाटा येतात

१९७०च्या दशकातलं कॉमिक आहे. आतली पानं न्यूजप्रिंटची, कव्हर चकचकीत. कणा (स्टेपल मारलेली घडीची कड) एका बाजूला वळलाय, तो सरळ करायचाय. मऊ ब्रश आणि खोडरबराच्या चुऱ्याने कोरडी सफाई झाली आहे. त्याच काळातल्या साध्या प्रतीवर आधी करून पाहिलं: बंद डब्यात दमट हवा, मग सिलिकॉन कागदात (न चिकटणाऱ्या कागदात) ठेवून ७० अंश सेल्सिअसला हीट प्रेस (गरम पट्टीने दाबणाऱ्या यंत्रात), नंतर वजनाखाली पूर्ण थंड. कणा छान बसला, पण स्टेपलभोवती कव्हर लाटदार झालं. आतली पानं मात्र सपाट, हेच कळत नाही. स्टेपलना गंज नाही आणि ते काढायचे नाहीत. मूळचे स्टेपल मला जपायचेच आहेत. पाण्यात धुणं, ब्लीच हेही नको. मग दमटपणा कमी करू, की मधल्या पानांत जाड कागद घालून स्टेपलवरचा दाब पसरवू?