बेट मोठं, पण मातीतले जिवाणू तेवढेच? माहितगारांनी मदत करा

खारीमाती:
पीएचडीचं दुसरं वर्ष संपत आलंय आणि एका आलेखाने झोप उडवलीय. नऊ बेटं घेतली. सगळ्यात लहान अर्ध्या हेक्टरचं, होडीतून उतरलं की पाच मिनिटांत फिरून होतं. सगळ्यात मोठं १४० हेक्टरांचं. प्रत्येक बेटावर पाच ठिकाणची वरची १० सेंमी माती काढली, घमेल्यात एकत्र केली, २ मिमीच्या चाळणीतून चाळली आणि त्यातल्या पाव ग्रॅममधून डीएनए काढला. जिवाणूंचे प्रकार ओळखायला वापरतात त्या १६एस जनुकाचा व्ही४ नावाचा भाग वाचून घेतला. सगळ्या नमुन्यांचे रीड्स (वाचलेले डीएनएचे तुकडे) सारख्या संख्येवर आणूनच तुलना केलीय, तिथे घोळ नाही.

मॅकआर्थर आणि विल्सन हे पर्यावरणशास्त्रज्ञ १९६७ पासून सांगताहेत की मोठ्या बेटावर प्रजाती जास्त. माझी रेघ मात्र सपाट! त्यात समुद्रपक्ष्यांची वसाहत असलेलं बेट सगळ्यांच्या खाली. गाईड म्हणतात, जिवाणू काय, सगळीकडेच असतात, क्षेत्रफळाचा नाद सोड. सोडू का?

दवबिंदू:
'सगळं सगळीकडे असतं' हे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बास बेकिंगचं १९३४चं वाक्य. लोक त्याचा उत्तरार्ध गिळतात: 'पण परिसर निवड करतो.' मातीचा सामू (पीएच) मोजलात का?

खारीमाती:
हो. पक्ष्यांच्या बेटावर ४.४, बाकीची ६ ते ७च्या आसपास.

चाळण:
मग त्या बेटाचं कोडं सुटलंच की. विष्ठेतल्या युरिक आम्लापासून अमोनिया, अमोनियापासून नायट्रेट, आणि या दुसऱ्या पायरीत माती आम्ल होत जाते. फिअरर आणि जॅक्सन यांनी २००६ मध्ये उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतले ९८ नमुने तपासले, तेव्हा विविधतेचा अंदाज सगळ्यात चांगला सामूवरून आला. उदासीन मातीत ती जास्त, आम्ल मातीत कमी. ते बेट कितीही मोठं असतं तरी खालीच राहिलं असतं.

सपाट रेघेचं दुखणं वेगळं आहे. अहो, तुम्ही बेट मोजलंच नाहीत, चमचा मोजलात. मोठ्या बेटाकडे जास्तीचं काय असतं? ओढ्याकाठची गाळाची माती, कड्यावरची भुरभुरीत माती, खाऱ्या वाऱ्याची बाजू, सावलीची बाजू. त्या पाच जागा कालवल्यात तिथेच त्यांच्यातला फरक पुसला गेला. मग पाव ग्रॅम अर्ध्या हेक्टरातला काय नि १४० हेक्टरांतला काय!

मीही हेच करून बसलो होतो. वर रुबाबात लिहिलं होतं की क्षेत्रफळाचा परिणाम नाही. परीक्षकाने समासात एवढंच लिहिलं: 'कोणत्या क्षेत्रफळाचा?' दोन दिवस मला त्याचा रागच आला होता.

आणि गाईडना सांगा, जिवाणूंनाही क्षेत्रफळ लागू पडतं. २००५ मध्ये बीच झाडांच्या पोकळ्यांत साचलेली डबकी बेटं मानून मोजणी झाली. क्षेत्रफळाबरोबर प्रकार किती वेगाने वाढतात ते सांगणारा घातांक ०.२६ आला, म्हणजे डबकं दहापट तर प्रकार साधारण १.८ पट. उलट २००४ मध्ये खाऱ्या दलदलीत तो जेमतेम ०.०४ निघाला होता, पण ती सलग जमीन, बेटं नव्हेत. माझ्या मते डबक्यात आणखी एक सोय आहे: पाणी आपोआप ढवळलं जातं, थोडं घेतलं तरी सगळ्याचा अंदाज येतो. माती जागची हलत नाही.

कालवण्याआधीची माती उरलीय का? असेल तर प्रत्येक जागा वेगळी वाचा. दोन आकडे द्या: एका जागेची सरासरी, आणि जागा वाढवत नेल्यावर एकूण आकडा किती चढतो ते. पहिलाही क्षेत्रफळाबरोबर वाढला तर नुसत्या जागांच्या वैविध्यावर खापर फोडता येणार नाही, खरी मजा तिथे आहे. मोठ्या बेटाला पाच जागा कमीच, पण सुरुवात होईल.

दवबिंदू:
+१. आणि मेलेल्या जिवाणूंचा डीएनएही मातीत बराच काळ टिकून राहतो, तोही मोजणीत येतो. यादी 'जिवंत' समजू नका.

खारीमाती:
आताच फ्रीझर उपसला. ४५ पैकी ४१ पिशव्या नीट आहेत. चार पिशव्यांवरची मार्करची शाई दवाने पुसलीय. सामूवरून बेट ओळखता येईल का?

चाळण:
पक्ष्यांच्या बेटाच्या असल्या तर ओळखाल, बाकीच्यांचा नुसता अंदाज होईल. चारही टाकून द्या. आणि पुढच्या वेळी पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी पिशवीच्या आत.