मदत हवी आहे: आई-बाबांसाठी ऱ्हाईनवरची रिव्हर क्रूझ की ग्रीसकडची छोट्या जहाजाची समुद्री क्रूझ?

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार मंडळी. आई-बाबांच्या लग्नाला पुढच्या वर्षी पन्नास वर्षं होतायत. ते दोघं आणि आम्ही दोघं, चौघांनी मिळून एखादी क्रूझ करावी असं घरात ठरायलंय. चार-पाच हजार माणसांचं तरंगतं गाव नको, एवढं नक्की. दोन कोटेशन हातात आहेत:

अ) अॅमस्टरडॅम ते बासेल, ऱ्हाईन नदी, ७ रात्री. जहाज १३५ मीटर, साधारण १८० प्रवासी.
आ) अथेन्स ते डुब्रॉव्हनिक, ७ रात्री. ३०० प्रवाशांचं जहाज. वाटेत कोरिंथ कालवा, इतिया (डेल्फीसाठी), कॉर्फू, सारांदा, कोटोर.

'आ'चा माणशी भाव 'अ'च्या सव्वापट आहे. दोन्हीवर 'लक्झरी' लिहिलंय.

अडचणी अशा: आई ७० वर्षांची, गुडघे दुखतात, काठी लागत नाही पण पायऱ्या नको म्हणते. एसटीत बसली की तिला गाडी लागते. बाबा ७४, माळकरी, मधुमेहाच्या गोळ्या चालू. सुट्टी एक तर दिवाळीत, नाही तर मे-जूनमध्ये. जाणकारांनी नीट सांगावं, घाई नाही.

नाथसागर

मांजराकाठदादा, दोन्ही कोटेशनांवरचा 'लक्झरी' शब्द आधी पेनने खोडून टाका. तुमचा निर्णय तीन गोष्टींवर व्हायचाय: आईला लागणारी गाडी, आईचे गुडघे आणि नदीतलं पाणी.

गाडी लागण्याचा प्रश्न नदीवर जवळजवळ येत नाही. मागच्या टोकाच्या केबिनांत इंजिनाची थरथर जाणवते, तेवढीच. समुद्रावर ३०० प्रवाशांचं जहाज हलतंच. त्याला दोन्ही बाजूंनी पाण्याखाली पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, पण पाणी कापत पुढे जाताना ते काम करतात. नांगर टाकून उभ्या जहाजाला बहुतेक स्टॅबिलायझरांचा काही उपयोग नाही, आणि छोटी जहाजं तर मोठ्यांना जाता येत नाही अशा लहान बंदरांसमोरच नांगर टाकतात. ग्रीसच्या पूर्वेच्या एजियन समुद्रात जुलै-ऑगस्टला मेल्टेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो. मे-जून त्या मानाने शांत.

गुडघ्यांचं म्हणाल तर दोन्हीकडे खाचखळगे आहेत. समुद्रावर नांगर टाकला की टेंडर बोटीने (जहाजाच्या छोट्या होडीने) किनाऱ्यावर जावं लागतं. बोट हातभर वर-खाली होत असते, खलाशी दोन्ही दंड धरतात आणि त्यांनी 'आता' म्हटलं की पाऊल टाकायचं. गुडघा तिथेच दगा देतो. म्हणून एजंटाकडून बंदरागणिक लेखी घ्या: धक्का की टेंडर?

नदीवर जहाज गावाच्या काठालाच लागतं. पण गर्दीच्या गावांत जहाजं एकाला एक खेटून बांधतात. आपलं जहाज तिसरं असलं तर आधीच्या दोन जहाजांतून चालत काठावर जायचं, आणि जहाजांच्या लॉबी एका पातळीत नसल्या तर आधी वरच्या डेकवर चढून मग पलीकडे उतरायचं. अशा वेळी खिडकीतून शेजारच्या जहाजातलं माणूस हातभर अंतरावर दिसतं. जाहिरातीतल्या फोटोत हे नसतं.

लिफ्टबद्दल स्पष्ट विचारा. बऱ्याच नदीजहाजांत लिफ्ट मधल्या आणि वरच्या डेकमध्येच चालते. खालच्या डेकला आणि छतावरच्या सनडेकला जिनाच. समुद्री जहाजात बहुतेक सगळ्या डेकना लिफ्ट असते.

राहिलं पाणी. मांजराकाठच्या माणसाला नदी आटणं म्हणजे काय ते समजावायला नको. ऱ्हाईनवर बासेलपासून खाली इफेत्सहाइमपर्यंत १० लॉक (जहाज वर-खाली न्यायची दारं लावलेली पाण्याची कुंडं) आहेत, तिथे पाणी अडवून धरलेलं असतं. त्याखाली समुद्रापर्यंत मुख्य नदीवर एकही लॉक नाही. खरी अडचण काउब या गावापाशी. तिथल्या पाणी मोजायच्या पट्टीवर ७८ सेंमी दिसत असेल तर जहाजांच्या वाटेत साधारण १.९० मीटर पाणी असतं. म्हणजे पट्टीच्या आकड्यात १.१० मीटरच्या आसपास मिळवायचे. नदीजहाजाला दीड मीटरच्या वर-खाली पाणी लागतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये ही पट्टी २५ सेंमीवर आली होती, ऑगस्ट २०२२ मध्येही ती ३० च्या आसपास होती. धोक्याचा काळ ऑगस्ट ते नोव्हेंबर, म्हणजे तुमची दिवाळी बरोबर त्यात. मे-जूनमध्ये आल्प्सचं बर्फ वितळून येतं, तेव्हा पाणी बरं असतं.

उलटंही होतं. पूर आला की जहाज पुलाखालून जात नाही. सनडेकचे कठडे आडवे पाडतात, कप्तान जहाज चालवतो ती खोलीसुद्धा खाली दाबून घेतात, तरी एका हद्दीनंतर वाहतूक बंद. कोलोनला ती हद्द ८.३० मीटर.

माझं मत: मे अखेर ते जून मध्य, 'अ'.

सिंधफणा

नाथसागरांचं पाण्याचं गणित बिनचूक, पण समुद्राला त्यांनी जरा लवकर बाजूला सारलं.

नदीजहाजाची रुंदी सहसा ११.४ मीटरच्या पुढे जात नाही. कारण माइन नदी आणि माइन-डॅन्यूब कालव्यावरचे लॉक १२ मीटर रुंद. हा कालवा १९९२ मध्ये पूर्ण झाला, आणि ऱ्हाईनवरून डॅन्यूबवरही नेता यावीत म्हणून जहाजं त्याच मापाची बांधतात. तिथल्या लॉकमध्ये दोन्ही अंगाला वीतभर जागा राहते, खालच्या केबिनच्या खिडकीत शेवाळलेली ओली भिंत सरकत जाते. या रुंदीमुळे केबिन पंधरा-सोळा चौरस मीटरची. 'फ्रेंच बाल्कनी' म्हणजे सरकतं काचेचं दार आणि पुढे कठडा, खुर्ची टाकायला जागा नाही. 'आ'च्या जहाजात केबिन मोठी असते, पण तिथेही खरी बाल्कनी आहे का ते केबिनच्या नकाशावर बघून घ्या.

दुसरं, डॉक्टर. समुद्री जहाजावर डॉक्टर आणि छोटा दवाखाना असतो. नदीजहाजावर सहसा नसतो. काठ जवळ, म्हणून लागलाच तर गावातून बोलावतात. बाबांना मधुमेह आहे, तेव्हा हे मनात धरा.

तिसरं, कोरिंथ कालवा. १८९३ मध्ये खुला झाला, साधारण ६.४ किमी लांब, पाण्याच्या पातळीवर जेमतेम २५ मीटर रुंद. दोन्ही बाजूंना उभे कापलेले कडे आणि मधून जहाज. मोठ्या क्रूझला हे कधीच जमायचं नाही. फक्त दरडींमुळे तो २०२१ पासून मधूनमधून बंद राहिलाय, म्हणून तुमच्या तारखेला चालू असेल का ते विचारा. बंद असेल तर पेलोपोनीज या दक्षिण ग्रीसच्या द्वीपकल्पाला वळसा, म्हणजे मोकळ्या समुद्राची जास्तीची रात्र.

आईंसाठी समुद्र घ्यायचाच तर केबिन खालच्या डेकवर, जहाजाच्या मधोमध. झोका टोकाला आणि उंचावर जास्त बसतो. सिनारिझिन किंवा प्रोमेथाझिनची गोळी जहाज हलायच्या आधी घ्यायची असते, मळमळ सुरू झाल्यावर फारसा उपयोग नाही. या गोळ्यांनी झोप येते, तोल जातो. काचबिंदू असेल तर आधी डॉक्टरांना विचाराच. गुडघेदुखी आणि गुंगी एकत्र नकोत.

मांजराकाठ

दोघांचे आभार. आता तीन शंका. खालच्या डेकची केबिन माणशी बरीच स्वस्त पडते, घ्यावी का? नदी आटली तर पैसे परत मिळतात का? आणि बाबांच्या जेवणाचं काय? कांदा-लसूण चालतो, पण अंडंसुद्धा नको, आणि एकादशी मोडायची नाही.

नाथसागर

खालचा डेक: तुम्हा दोघांना चालेल, आई-बाबांना नको. तिथे लिफ्ट नसते, खिडकी उंचावर असते आणि उघडत नाही. त्यांना मधल्या डेकवर मध्यावरची केबिन द्या, मागच्या टोकाची नको. आणि पलंग वेगवेगळे हवेत की जोडून, तेही आत्ताच कळवा.

नदी आटली तर: पैसे परत मिळतील हे विसरा. करारात मार्ग बदलायचा हक्क कंपनीने राखून ठेवलेला असतो. होतं असं, की आटलेल्या टप्प्याच्या दोन्ही बाजूंना कंपनीची एकेक जहाजं असतात. सामानासह बसने तुम्हाला पलीकडच्या सारख्याच जहाजावर, त्याच क्रमांकाच्या केबिनमध्ये नेतात. ज्या कंपनीची ऱ्हाईनवर एक-दोनच जहाजं आहेत तिला हे जमत नाही, मग दिवसभर बस आणि रात्री हॉटेल. म्हणून एजंटाला एकच प्रश्न टाका: ऱ्हाईनवर तुमची जहाजं किती? निघण्याआधी दोन आठवडे एल्विस या जर्मन जलमार्ग खात्याच्या संकेतस्थळावर काउबचा आकडा रोज बघत जा.

औंढा नाका

पैसे, व्हिसा आणि जेवणाचं मी सांगते.

भावाची तुलना तुम्ही कच्ची केलीय. नदीवर बहुतेक ठिकाणी रोजची एक गाईडसह सहल भाड्यात असते, दारू फक्त जेवणासोबत. 'आ'च्या दर्जाच्या समुद्री जहाजावर उलट: दिवसभर दारू आणि बऱ्याचदा टिप भाड्यात, सहली मात्र वेगळ्या. म्हणजे माळकरी माणसाच्या नावाने तुम्ही दारूचे पैसे भरणार आणि डेल्फीच्या बसचे वेगळे मोजणार! दोन्ही कोटेशनांत बंदर-कर, टिप, सहली, विमानतळ ते जहाज गाडी हे सगळं मिळवून माणशी रोजचा आकडा काढा, म्हणजे सव्वापट कुठवर जातं ते दिसेल.

टीसीएस (बिलासोबतच घेतला जाणारा आगाऊ कर): परदेशी टूर पॅकेजवर तो घेतात, त्याचा दर अर्थसंकल्पात बदलू शकतो, म्हणून पैसे भरायच्या दिवशीचा विचारा. तो खर्च नव्हे, प्राप्तिकरात वळता होतो. जो नियमित कर भरतो त्याच्याच पॅनवर बिल करून घ्या.

व्हिसा: 'अ'मध्ये नेदरलँड्स, जर्मनी, फ्रान्स, स्वित्झर्लंड, सगळे शेंगेन (एकाच व्हिसावर चालणारा युरोपातल्या देशांचा गट). ज्या देशात जास्त रात्री, त्याच्याकडे अर्ज. कंपनीकडून तारीखवार मुक्कामाचं पत्र मागा. 'आ'मध्ये सारांदा अल्बानियात, कोटोर मॉन्टेनेग्रोत. दोन्ही शेंगेनबाहेर, आणि मग डुब्रॉव्हनिकला परत शेंगेन (क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून आत आहे). म्हणून मल्टिपल एन्ट्रीच मागायची, सिंगल मिळाली तर जहाजावर चढूच देणार नाहीत. प्रौढाची फी ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोचा. मधुमेह विम्यात जाहीर करा, लपवला तर दावा फेटाळतात.

यातली खरी मेख तारखांची आहे. क्रूझचे उरलेले पैसे निघण्याच्या ९० ते १२० दिवस आधी भरावे लागतात, आणि व्हिसा नाकारला गेला म्हणून ते परत मिळत नाहीत. शेंगेनचा अर्ज सहा महिने आधी करता येतो. तेव्हा अर्ज आधी, शेवटचा हप्ता नंतर. बोटांचे ठसे द्यायला मुंबई-पुण्याला जावं लागेल, चौघांची वेळ एकाच दिवसाची घ्या. आणि जहाज सुटायच्या दिवशी तिथे पोचायचं नाही, आदल्या दिवशी पोचायचं. विमान चुकलं म्हणून जहाज थांबत नाही.

जेवण: नुसतं 'व्हेजिटेरियन' लिहू नका, त्यात अंडं येतं, कधी मासासुद्धा. 'मांस, मासे, अंडं, जिलेटिन, मांसाचा स्टॉक नाही. दूध-दही चालतं' असं सविस्तर लिहून दोन-तीन महिने आधी पाठवा. नदीजहाजाचं स्वयंपाकघर एकच आणि छोटं, ऐनवेळी काही होत नाही. एकादशीची तारीखही त्यातच घाला: उकडलेले बटाटे, दही, फळं, शेंगदाणे. साबुदाणा तिथे मिळणार नाही. मधुमेहाच्या गोळीसोबत उपास कसा करायचा ते मात्र इथल्याच डॉक्टरांना विचारून ठेवा.

सोबत शेंगदाण्याची चटणी, कोरडे धपाटे, मेतकूट न्या. पेढे, खवा, तूप नको. युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे.

मांजराकाठ

लई मोलाचं सांगितलंत ताई. म्हणजे जूनचा पहिला पंधरवडा, 'अ', आई-बाबा मधल्या डेकवर, आम्ही खाली. एजंटाला विचारायचं: ऱ्हाईनवर जहाजं किती, लिफ्ट कोणत्या डेकपर्यंत, सहलीत चालणं किती. बाबांच्या चहासाठी छोटी इलेक्ट्रिक किटली पेटीत टाकतो.

नाथसागर

किटली टाकू नका. आगीच्या भीतीने किटली, इस्त्री, पाण्यात टाकायचा हिटर हे सगळं जहाजावर काढून घेतात आणि उतरताना परत देतात. गरम पाण्याचं यंत्र लाउंजमध्ये असतं. चहापत्ती तेवढी घरची न्या.

सहलींचं म्हणाल तर सावकाश चालणाऱ्यांसाठी वेगळा गट असतो का, ते विचारा. ब्राउबाखच्या मार्क्सबुर्ग किल्ल्याला आईंना पाठवू नका, सुरुवातीलाच खडकात खोदलेल्या ओबडधोबड पायऱ्या आहेत. कोलोनचं कॅथेड्रल आतून बघायला सपाट. ५३३ पायऱ्यांचा मनोरा सोडून द्या. रुडेसहाइम ते कोब्लेंझ या टप्प्यात किल्ले जहाजावरूनच दिसतात. तो दिवस सनडेकवर काढायचा, पण तिथे जिना आहे. आईंना जड जात असेल तर पुढच्या टोकाच्या लाउंजमध्ये, काचेजवळची खुर्ची नाश्ता झाल्या झाल्या धरून ठेवा.