मदत हवी आहे: निपाणीच्या मुलीने कर्नाटकातून खेळावं की महाराष्ट्रातून?

नमस्कार मंडळी,

माझी पुतणी निपाणीत मराठी शाळेत आठवीला आहे. क्रिकेट खेळते, डावखुरी फिरकी टाकते. टेनिस बॉलवर सुरुवात झाली, आता गावातल्या क्लबात मुलांबरोबर लेदरवर खेळते. मोठी पोरंसुद्धा तिला पुढं येऊन मारायला कचरतात. हिला खेळू द्यायचं हे घरात सगळ्यांनाच मान्य आहे. अडलंय ते कुठून, यावर.

वहिनींचं माहेर कोल्हापूरचं, बाळंतपण तिथंच झालं, त्यामुळे जन्मदाखला महाराष्ट्राचा. शाळा, आधार, रेशनकार्ड सगळं कर्नाटकचं. इथून खेळायचं तर कर्नाटक क्रिकेट संघटनेचा धारवाड झोन, म्हणजे विभाग. बेळगावला जाणं एकवेळ जमेल, पण निवड चाचणी हुबळी-धारवाडला असली की अख्खा दिवस मोडतो. कोल्हापूर मात्र तासाभरावर. भाऊ म्हणतो, आजोळी ठेवू, शाळाही तिकडंच घालू.

पोरीच्या डोक्यात स्मृती मानधना आहे, आणि का नसावी? सांगलीच्या माधवनगरात वाढली, नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या १५ वर्षांखालच्या संघात आली. २०१३ मध्ये १९ वर्षांखालच्या सामन्यात गुजरातविरुद्ध १५० चेंडूंत नाबाद २२४ केल्या. भारताकडून पहिला सामनाही त्याच वर्षी. कोल्हापूरच्या अनुजा पाटीलही महाराष्ट्राकडूनच पुढं आल्या.

मला स्वतःला राजेश्वरी गायकवाड जास्त जवळची वाटते. आपल्या शेजारच्या विजापूरची, हिच्यासारखीच डावखुरी फिरकी, आणि सुरुवात कर्नाटकातून. २०१७ च्या विश्वचषकात डर्बीला न्यूझीलंडला हरवलं तरच उपांत्य फेरी, असा तो सामना. तिनं १५ धावांत ५ बळी घेतले, न्यूझीलंड ७९ मध्ये आटोपलं. ती विजापूरहून तिथवर पोचली, मग निपाणीहून का नाही पोचता येणार?

तर ज्यांची मुलं-मुली वयोगटात खेळली आहेत त्यांनी कृपया सांगा. जन्म एका राज्यात आणि शाळा दुसऱ्या राज्यात असेल तर कुठून खेळता येतं? राज्य बदलायचं झाल्यास तिथं आधी किती काळ राहिलेलं लागतं? एकदा कर्नाटकातून नाव नोंदवलं तर पुढं महाराष्ट्राची वाट बंद होते का? तिला कानडी समजतं, पण बोलताना अडखळते. शिबिरात त्यामुळे मागं पडेल का, ही वहिनींची काळजी.

आणखी एक, चेंडूबद्दल. महिलांचा चेंडू १४० ते १५१ ग्रॅमचा, क्लबात मुलं वापरतात तो १५६ ते १६३ चा. तिची बोटं लहान आहेत, जड चेंडूवर पकड बसवायला जोर लावते आणि संध्याकाळी खांदा दुखतो म्हणते. सरावाला आत्तापासूनच महिलांचा चेंडू द्यावा का? बेळगाव किंवा कोल्हापुरात तो कुठल्या भागात मिळतो? मुलींना फिरकी शिकवणारे कुणी प्रशिक्षक या पट्ट्यात असतील तर तेही कळवा. शाळा बदलायची तर जूनच्या आत ठरवावं लागेल.