किरकोळ बग माहीत असताना ॲप बाहेर काढावं का?

पेठेतला_कोडर: आम्हा तिघांचं वर्गणीचं ॲप आहे. कार्यकर्ते दारातच मोबाइलवर पावती फाडतात, हिशोब लगेच खजिनदाराकडे. गणपतीला तीन आठवडे उरलेत आणि एक बग शिल्लक आहे: पीडीएफ पावतीत 'ऱ्ह'मधला अर्धा र सुटा पडतो. कऱ्हाडे, गोऱ्हे ही नावं तुटकी छापली जातात. पीडीएफ बनवणारी लायब्ररी, म्हणजे आम्ही वापरलेला तयार कोड, बदलायला दीड महिना लागेल. मी म्हणतो, काढा. विसर्जनानंतर आलेलं वर्गणीचं ॲप कोण घेणार?

खजिनदार_काकू: अरे, पाचशे एक देणारा माणूस पावतीवर आकडा नाही बघत, नाव बघतो. गेल्या वर्षी एका काकांचं आडनाव चुकलं, तर आरतीलासुद्धा आले नाहीत. तुझ्यासाठी किरकोळ असेल!

जुना_डेबियनवाला: कोडरशी सहमत. डेबियन ही फुकट मिळणारी लिनक्स संगणकप्रणाली. तिची एक आवृत्ती जुलै 2002 ला आली, पुढची थेट जून 2005 ला. मधल्या काळात, 2004 मध्ये, डेबियनवरच बेतलेलं उबुंटू सुरू झालं, दर सहा महिन्यांनी आवृत्ती काढायच्या बोलीवर, आणि लोक तिकडे गेले. बरं, डेबियनवालेही सगळे बग संपायची वाट बघत नाहीत. गंभीर ठरवलेले तेवढे निस्तरतात, बाकीचे तसेच घेऊन निघतात.

बगवाली: पण गंभीर कोणता, हे ठरवायचं कुणी? 1994 मध्ये इंटेलच्या पेंटियम या संगणकाच्या चिपच्या भागाकारात चूक निघाली. इंटेलला आधीच माहीत होती. त्यांचा हिशोब असा की, साध्या वापरात ती 27,000 वर्षांतून एकदा आडवी येईल, म्हणून गरज पटवून देईल त्यालाच चिप बदलून देऊ. गिऱ्हाईक खवळलं. डिसेंबरात मागेल त्याला बदलून द्यावी लागली आणि 47.5 कोटी डॉलरचा फटका बसला.

पेठेतला_कोडर: आमच्याकडे बेरीज बरोबर येते हो. फक्त दिसायला वाईट.

बगवाली: फक्त दिसायला? मग एक करून बघ. काही कीबोर्ड 'ऱ्ह'साठी नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ टाकतात, काही साधा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं चिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच. युनिकोड नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या नोंदी सारख्या करायची ठरलेली पद्धत, लावलं तरी एक होत नाहीत. एका फोनवरून भरलेले 'कऱ्हाडे' दुसऱ्या फोनवरून शोधले तर सापडतात का?

पेठेतला_कोडर: नाही सापडले. एकाच घराच्या दोन नोंदी झाल्या. हा बग घेऊन मी जाणार नाही, आज रात्रीच बसतो. पीडीएफबद्दलचं मत मात्र तेच आहे.

जुना_डेबियनवाला: पीडीएफ हवीच कशाला? पावती फोनच्या पडद्यावर नीट दिसते ना? तिचंच चित्र करून व्हॉट्सॲपवर टाका. लायब्ररी सावकाश बदला.

खजिनदार_काकू: चित्र चालेल. पण आमचे अध्यक्ष छापील प्रत मागतात, त्यावर तुटकं नाव दिसलं तर तुलाच बोलावणार आहे मांडवात.